वाळीत टाकलेल्या घरातली मुलगी : कुमार कादंबरी लिहू पाहणाऱ्यांसाठी

तेरा ते सोळा वयाच्या मुलांसाठी मराठीत लिहिणारे मुळात कमी. जिच्याशी गावात कोणी बोलत नाही अशा मुलीबद्दल लिहिणारे त्याहून कमी. तुमच्या मनात अशी एखादी मुलगी घर करून बसली असेल आणि सुरुवात कुठून करावी हे सुचत नसेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. मी रायगडातल्या एका कल्पित गावावर अशी कादंबरी लिहिली. त्या कामात काय लागतं, कुठे पाय घसरतो आणि कच्च्या वहीपासून छापील पुस्तकापर्यंत कसं जायचं, ते क्रमाने सांगते.

माझी उदाहरणं गावकीच्या, म्हणजे गावाचे निर्णय ठरवणाऱ्या पारंपरिक बैठकीच्या, बहिष्काराची आहेत. तुमची मुलगी आश्रमशाळेत, शहरातल्या वसतिगृहात किंवा ऊसतोडीच्या फडावर एकटी पडलेली असेल, तर प्रसंग बदलतील, कामाचा क्रम साधारण हाच राहील.

हाताशी काय हवं

- एक स्वतंत्र वही. हिच्यात फक्त कानावर पडलेलं बोलणं लिहायचं, स्वतःचे विचार नाहीत.
- सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याची मराठी प्रत. कथेत लैंगिक अत्याचार असेल तर पोक्सो कायद्याचीही, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याची.
- कथा ज्या वर्षी घडते त्या वर्षाची दिनदर्शिका. सण, परीक्षा, पाऊस यांचा मेळ तिच्याशिवाय बसत नाही.
- तेरा ते सोळा वयाचे तीन-चार वाचक आणि त्यांच्या पालकांची परवानगी.
- युनिकोडमध्ये मराठी टंकलेखनाची सवय.

## १. आधी गावाचं भांडण ठरवा

नवे लेखक मुलीपासून सुरुवात करतात: ती कशी दिसते, किती हळवी आहे, खिडकीत बसून काय बघते. त्याआधी तिच्या घराला वाळीत का टाकलं हे ठरवा. कारण जितकं साधं आणि ठोस, तितकी कादंबरी भक्कम. भावाने जातीबाहेर लग्न केलं, बापाने देवळाच्या जमिनीच्या वादात कोर्टात धाव घेतली, आईने गावाने ठरवलेल्या उमेदवाराविरुद्ध ग्रामपंचायतीचा अर्ज भरला, गावकीचा दंड भरायला नकार दिला. कोकणात घरं वाळीत पडली ती अशाच कारणांनी.

कारण ठरलं की ते अमलात कसं येतं हे बघा. गावकीच्या बैठकीत ठराव होतो, तो तोंडी असतो, आणि त्या घराशी जो बोलेल त्यालाही दंड लावला जातो. ही शेवटची गोष्ट तुमच्या कथेचं इंजिन आहे. शेजारीण दुष्ट म्हणून गप्प नाही. बोलली तर तिच्या घरालाही भुर्दंड बसणार म्हणून गप्प आहे. ठराव मुंबईलाही पोचतो. गावाच्या मंडळातले चाकरमानी तो पाळतात, आणि गावकीच्या खोलीत राहणाऱ्या मोठ्या भावाला एका रात्रीत दुसरी जागा शोधावी लागते.

मग दिनदर्शिका उघडा. कादंबरी एका शालेय वर्षात बसवलीत तर सांगाडा आपोआप मिळतो. जूनमध्ये शाळा सुरू होते आणि पाठोपाठ भाताची लावणी येते. एकमेकांच्या शेतावर जाऊन लावणी करायची रीत असते, आणि यांच्या शेतावर कोणी उतरत नाही. भाद्रपदात गणपती. आरतीची मंडळी घरोघर फिरतात आणि यांच्या अंगणापाशी टाळ थांबतात, पुढच्या अंगणात पुन्हा सुरू होतात. गौरीच्या रात्री फुगड्यांच्या रिंगणात मुलीला हात द्यायला कोणी नसतं. फाल्गुनात शिमगा. ग्रामदेवतेची पालखी प्रत्येक घरी येते, त्या एका घरी येत नाही. घरात कोणी वारलं तर खांदा द्यायला माणसं मिळत नाहीत. हा शेवटचा प्रसंग फार जड आहे. घ्यायचाच असेल तर पूर्ण ताकदीने घ्या, जाता जाता उल्लेख करून सोडू नका.

## २. कायदा वाचा आणि काळ नक्की करा

महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा २०१६ मध्ये विधिमंडळात मंजूर केला. राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर तो २०१७ मध्ये लागू झाला. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि मदत करणारे, चिथावणी देणारेही त्यात येतात. पीडित व्यक्ती किंवा तिच्या घरातलं कोणीही पोलिसांकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करू शकतं.

हे कादंबरीकाराला कशाला हवं? कारण त्यावर कथेचा काळ ठरतो. तुमची मुलगी १९९५ मध्ये नववीत असेल तर तिच्या आईच्या हातात असा कायदाच नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्ये जातीबहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला होता, पण सर्वोच्च न्यायालयाने तो १९६२ मध्ये रद्द ठरवला. त्यानंतरची पन्नासहून अधिक वर्षं वाळीत पडलेल्या घरांना इतर कलमांचा आडोसा शोधावा लागला. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ मध्ये जातपंचायत मूठमाती अभियान सुरू केलं, त्यानंतर अशा तक्रारी मोठ्या संख्येने उजेडात येऊ लागल्या. १९९५ ची आई, २०१४ ची आई आणि आजची आई पोलीस ठाण्याच्या पायरीवर तीन वेगळ्या वाक्यांनी बोलतील. कोणती आई तुमची, ते आधीच ठरवा.

गप्प बसण्यामागे लैंगिक अत्याचार असेल तर २०१२ चा पोक्सो कायदा नीट वाचल्याशिवाय एक ओळही लिहू नका. चित्रपटात दाखवतात तशी चौकशी लिहून बरेच जण फसतात. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. आईवडील किंवा तिच्या विश्वासाचं माणूस सोबत असतं. न्यायालयात आरोपी तिच्या नजरेसमोर येणार नाही याची काळजी घ्यायची असते. प्रत्यक्षात यातलं काही पाळलं गेलं नाही असं दाखवायचं असेल तर जरूर दाखवा, पण मग नियम मोडला गेला हे कथेतल्या कोणाला तरी कळू द्या. नाहीतर तुमची पंधरा वर्षांची वाचक असंच असतं असं समजून पुस्तक मिटेल.

## ३. माणसांना भेटा, त्यांची गोष्ट उचलू नका

वाळीत पडलेल्या घरांतली माणसं भेटली तर ती बोलतात. वर्षानुवर्षं कोणी विचारलेलं नसतं, म्हणून भरभरून बोलतात. इथे तुमची जबाबदारी सुरू होते.

ज्या घरात बसून चहा प्यालात त्या घराचा प्रसंग जसाच्या तसा कादंबरीत घालू नका. रायगडातल्या गावात भांडणाचं कारण, घराची जागा आणि मुलीची इयत्ता एवढं सांगितलं की सगळा तालुका ओळखतो. नाव बदलून काही होत नाही. पोक्सोखालच्या प्रकरणात तर मुलीची ओळख पटेल असा कोणताही तपशील माध्यमांतून प्रसिद्ध करणं हा गुन्हाच आहे, आणि लेखकाने ती ओळ ओलांडू नये.

मग त्यांच्याकडून काय घ्यायचं? रीत घ्यायची. निरोप कसा पोचतो, दुकानदार नेमकं काय म्हणतो, लहान मुलांना घरात काय सांगतात, किती दिवसांनी पहिल्यांदा चुकून कोणी हसलं. प्रसंग तुमचे, रीत त्यांची. भेटायला जाताना हे पुस्तकासाठी आहे असं पहिल्या पाच मिनिटांत सांगा. घरातल्या अल्पवयीन मुलीशी एकटीने बोलायचा आग्रह धरू नका. आईजवळ बसा, ती भाजी निवडत असेल तर तुम्हीही निवडा.

## ४. गप्प राहणं प्रसंगांतून बांधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. 'ती आतून तुटली होती', 'तिचे शब्द गोठले होते' असली वाक्यं पहिल्या खर्ड्यात येणारच. दुसऱ्या खर्ड्यात प्रत्येकावर काट मारा आणि त्या जागी एक वस्तू, एक जागा आणि एक माणूस ठेवा. माझ्या मुलीचं नाव प्रणाली. तिचा एक प्रसंग देते.

> गिरणीवर डबे रांगेत होते. प्रणालीचा तिसरा. तात्यांनी पहिला दळला, दुसरा दळला, मग चौथा उचलला. मग पाचवा. वंदनाकाकींनी आपलं पीठ उचलताना डब्याला डबा लागू नये म्हणून पदर आवरून घेतला. दिवेलागणीला रांगेत एकच डबा उरला. तात्यांनी मोटर बंद केली, हातावरचं पीठ झटकलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "लाईट गेली, बाय." वरचा बल्ब चालूच होता.

मुलीच्या मनात काय चाललंय याचा यात एक शब्द नाही, आणि वाचणाऱ्या मुलांना तो लागत नाही. तात्या 'बाय' म्हणतात हेही बघा. लहानपणापासून तिला त्याच हाकेने बोलावलंय, जीभ सवय सोडत नाही. बहिष्कार पाळणारा माणूस पूर्ण कोरडा दाखवलात की तो खलनायक होतो आणि मुलांना सुटल्यासारखं वाटतं, कारण आपल्या ओळखीत असं कोणी नाही असं ती म्हणू शकतात. तात्या मात्र सगळ्यांच्या ओळखीतले असतात.

शाळेतही असेच प्रसंग शोधा. प्रणाली दिवसभरात मोठ्याने एकच शब्द बोलते, हजेरीच्या वेळी: "हजर." बाई हजेरी घेत नाहीत तो दिवस पूर्ण मुका जातो. वर्गातली जुनी मैत्रीण तिच्याशी बोलत नाही, पण फळ्यावरचं उतरवून घेताना आपली वही जराशी तिरकी ठेवते, मागच्या बाकावरून दिसेल इतकीच. मैत्रिणीला याहून जास्त काही करायला लावू नका. चोरून चिठ्ठ्या, रात्री विहिरीवर भेटी, गळ्यात पडून रडणं, यातलं काहीही आणलंत की बहिष्काराचा धाक संपतो आणि वाचकाला वाटतं, एवढं सोपं होतं तर बाकीचे का नाही बोलले?

एक सापळा इथेच सांगते. बोलण्याच्या ठिकाणी वर्षानुवर्षं बोलूच न शकणाऱ्या मुलांची एक वेगळी अवस्था असते, सिलेक्टिव्ह म्युटिझम. घरी भडाभडा बोलणारं मूल शाळेत तोंड उघडू शकत नाही. ती बहुतेक वेळा अगदी लहानपणी, पाचव्या वर्षाच्या आत सुरू होते आणि तिचा पाया भीतीत, चिंतेत असतो. चौदाव्या वर्षी गावाने तोंड बंद केलेल्या मुलीला हे नाव चिकटवू नका. दोन्ही मुलींवर अन्याय होतो.

## ५. निवेदन कोणाचं, भाषा कोणती

प्रथमपुरुषी निवेदन घ्यावं की तृतीय, यावर लोक तासन्‌तास बोलतात. माझं मत सरळ आहे: मुलगी गप्प असेल तर निवेदन तिचंच हवं. बाहेर एक शब्द न बोलणारी मुलगी पानावर सतत बोलत असते, आणि वाचक हा तिचं ऐकणारा एकटाच माणूस असतो. मुलं पुस्तकाला धरून राहतात ती या नात्यामुळे. वर दिलेला गिरणीचा प्रसंग मी सुरुवातीला तृतीयपुरुषी लिहिला तो मांडणी तपासायला; कादंबरीत तो तिच्या तोंडी आहे.

आता वाक्यरचनेकडे या. गावात बहिष्काराबद्दल बोलताना कोणीही कर्ता वापरत नाही. "ठरलंय." "सांगितलंय." "गावाचं असंच आहे." "बोलायचं नाही म्हणून झालंय." तुमच्या ऐकीव वहीत अशी वाक्यं साठली की लक्षात येईल, ज्यांनी ठरवलं ते वाक्यात कुठेच नाहीत. मराठीला ही सोय आहे आणि गावकी तिचा पुरेपूर वापर करते. कादंबरीच्या पहिल्या अर्ध्यात प्रणालीची स्वतःची वाक्यंही तशीच ठेवा: "आमचं पाणी बंद झालं." "दादाला खोली सोडायला लागली." तिलाही गावाच्याच भाषेत विचार करायची सवय लागलेली असते. मग हळूहळू तिच्या वाक्यांत माणसं येऊ द्या. आधी मनात, मग वहीत, सगळ्यात शेवटी तोंडात.

बोलीबद्दल थोडक्यात. आगरी किंवा कुणबी घरातली मुलगी प्रमाण मराठीत विचार करत नाही, पण दोनशे पानं पूर्ण बोलीत लिहिली तर लातूरची किंवा गोंदियाची मुलं मागे पडतात. मी संवाद बोलीकडे झुकवले आणि निवेदन शाळेत शिकलेल्या मुलीचं ठेवलं. 'ळ'चा 'ल', 'ण'चा 'न' एवढ्यावर आजीचं बोलणं उभं राहतं. प्रत्येक शब्द मोडून लिहायची गरज नसते. बोली स्वतः येत नसेल तर ती बोलणाऱ्या माणसाकडून संवाद वाचून घ्या, आणि त्याचे आभार पुस्तकात माना.

## ६. मोठ्या माणसांना आवरा

मराठी कुमार कादंबरीला एक जुनी खोड आहे: शेवटच्या तीन प्रकरणांत एक सर येतात. किंवा नव्या बदलून आलेल्या मॅडम, पत्रकार, मुंबईहून परतलेला मामा. ते मुलीला जवळ घेतात, समजावतात, गावाला चार शब्द सुनावतात आणि गाव मान खाली घालतं. मुलीच्या वाट्याला टाळ्या वाजवणं उरतं.

मदत करणारी मोठी माणसं असावीत, खऱ्या आयुष्यात ती असतातच. पण त्यांना मर्यादा द्या. माझ्या कादंबरीतल्या बाई प्रणालीला एवढंच विचारतात, "अर्ज लिहायला कागद हवेत का?" कार्यकर्ता तिच्या आईला तालुक्याचा पत्ता आणि कलमं सांगतो, बोलायला उभा राहत नाही. मोठ्या माणसाने केलेली प्रत्येक मदत तपासून बघा: ती काढली तर मुलगी अडेल का, की फक्त उशीर होईल? अडत असेल तर मदत जास्त झाली आहे.

## ७. आवाज सापडतो तो प्रसंग

स्नेहसंमेलनातलं भाषण लिहू नका. वक्तृत्व स्पर्धा, ग्रामसभेतलं तडाखेबंद मनोगत, मोबाईलवर पसरलेला व्हिडिओ, हे सगळं वाचकाने आधीच पाहिलेलं असतं. शिवाय नऊ महिने एक शब्द बोलणारी मुलगी एकदम दोन पानं बोलत नाही.

लहान जागा शोधा, शक्यतो पहिल्या भागातलीच. मी गिरणी निवडली. प्रणाली पुन्हा डबा घेऊन येते, तिसरीच असते, आणि तात्या चौथ्या डब्याला हात घालतात.

> "तात्या, तिसरा माझा हाय."
> "ठरलंय, बाय."
> "कोनी ठरवलं?"
> "गावाचं ठरलंय."
> "तुमी होतात ना बैठकीला? तुमी हात वर केलात?"

तात्या उत्तर देत नाहीत. त्या दिवशीही दळण मिळत नाही. ते मिळू देऊ नका, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. तिचा आवाज पिठाच्या बदल्यात आलेला नाही. फरक एवढाच की आता रांगेतल्या बायकांनी तो प्रश्न ऐकलाय, आणि रात्री प्रत्येकीच्या घरात विषय निघणार.

याच धाग्यावर कायद्याचा भाग बांधता येतो. आईला लिहिता येत नाही म्हणून तक्रारअर्ज प्रणाली लिहिते. पहिल्या खर्ड्यात ती लिहिते, 'गावाने आम्हाला वाळीत टाकले.' तालुक्याला बसलेला माणूस विचारतो: गावाने म्हणजे कोणी? कोणत्या तारखेला? कुठे? काय शब्द वापरले? तक्रारीला माणसं लागतात, तारखा लागतात. ती घरी येऊन पुन्हा लिहायला बसते आणि नावं एकामागून एक कागदावर येतात. त्यात तात्यांचंही येतं. तिथे तिचा पेन थांबतो, आणि थांबलाच पाहिजे. ते नाव ती लिहिते की गाळते, हे तुम्ही तुमच्या मुलीला ओळखून ठरवा.

शेवटी निकाल, अटक, माफी, पालखी अंगणात, असा सगळा फराळ मांडू नका. खटले चालतात, गावं हळू बदलतात. वर्षाअखेरीला एखादीच गोष्ट हलली असेल तर मुलांना ते खरं वाटतं.

## ८. मुलांना वाचायला द्या

मित्रमंडळींनी वाचून 'छान' म्हटलं म्हणजे काम झालं नाही. तेरा ते सोळाची मुलं शोधा, मुलगेही हवेत. पालकांना विषय आधी स्पष्ट सांगा आणि परवानगी घ्या. मुलांना 'आवडलं का?' विचारू नका, ती तुमचं मन राखतील. असं विचारा: कुठे मोबाईल हातात घेतला? कुठलं माणूस खोटं वाटलं? कुठल्या पानावर पुढचं आधीच कळलं? समासात फक्त एक रेघ मारायला सांगा, ती का मारली ते लिहायला सांगू नका. रेघा एका जागी जमल्या की ती जागा स्वतः वाचा, कारण सापडतंच. मुलग्यांना विचारा, मैत्रिणीच्या जागी तू असतास तर बोलला असतास का? त्यांची उत्तरं ऐकून माझं एक प्रकरण बदललं.

## ९. हस्तलिखित तयार करणं

तीस-चाळीस हजार शब्द पुरतात. लहान प्रकरणं ठेवा. हस्तलिखित युनिकोडमध्येच द्या. काही प्रकाशकांकडे मांडणी अजून जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होते आणि रूपांतरात जोडाक्षरं बिघडतात. 'तऱ्हा', 'दुसऱ्या' यांतले ऱ्ह आणि ऱ्या, रफार आणि पाय मोडलेली अक्षरं मुद्रितात मुद्दाम तपासा. बोलीतले संवाद मुद्रितशोधक 'शुद्ध' करून ठेवण्याचा धोका असतो, म्हणून सोबत एक पानभर यादी द्या: हे शब्द असेच ठेवायचे.

एखादा भाग आधी मासिकात यावा असं वाटत असेल तर दिवाळी अंकांचा विचार करा, पण साहित्य उन्हाळ्यातच पाठवा. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं. त्याचे जुने अंक चाळले की या वयाच्या वाचकासाठी किती साधं आणि तरीही किती गंभीर लिहिता येतं ते कळतं.

## १०. प्रकाशक आणि करार

प्रकाशकाला पूर्ण हस्तलिखित, एक पानी सारांश आणि वाचकाचा वयोगट एवढं पाठवा. 'विषय मुलांसाठी जड आहे' हे उत्तर येईल, त्याची तयारी ठेवा. मुलांनी वाचून काय म्हटलं याचा कागद अशा वेळी कामाला येतो.

करार लेखी करा, ओळख कितीही जुनी असो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १९वं कलम स्वतः वाचा. हक्क सोपवणं लेखी आणि सहीनिशी असेल तरच वैध. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. हक्क घेऊन प्रकाशकाने वर्षभरात ते वापरले नाहीत तर, करारात वेगळं काही नसल्यास, ते परत तुमच्याकडे येतात. 'सर्व हक्क कायमस्वरूपी' या शब्दांवर सही करू नका. नाटक, चित्रपट, श्राव्य पुस्तक आणि अनुवाद यांचे हक्क वेगवेगळे लिहून घ्या, कारण अशा कथेवर शाळांतली मुलं नाटक करायला मागतात आणि तेव्हा हो म्हणायचा अधिकार तुमच्याकडे असलेला बरा.

स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन अर्जावर मोफत मिळतो. पैसे मागणाऱ्या मध्यस्थाची गरज नाही.

## ११. पुस्तक वाचून एखादी मुलगी बोलायला आली तर

ती येणार. शाळेतल्या कार्यक्रमानंतर सगळे पांगले की एखादी मागे रेंगाळते. यासाठी आधीच तयार राहा, त्या क्षणी शोधाशोध करायला वेळ नसतो.

ऐकून घ्या, मध्ये प्रश्न विचारू नका. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. तिने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं आणि ती अठराच्या आत असेल, तर पोक्सोच्या १९व्या कलमाप्रमाणे ते पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. हे तिला प्रेमाने, पण त्याच वेळी सांगा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास आणि मोफत चालते; नंबर तिला पाठ करायला लावा, कागदावर लिहून दिलेली चिठ्ठी दप्तरात दुसऱ्याच्या हाती लागू शकते. घर वाळीत पडलेलं असेल तर तिच्या आईवडिलांना भेटा आणि कायद्याची प्रत द्या. सरकार या कायद्याखाली सामाजिक बहिष्कार प्रतिबंध अधिकारी नेमू शकतं, तुमच्या तालुक्यात ते काम कोणाकडे आहे याची चौकशी कार्यक्रमाला जाण्याआधीच करून ठेवा. शाळेतल्या एखाद्या विश्वासू बाईंना तिच्या संमतीने सामील करून घ्या, कारण तुम्ही संध्याकाळच्या एसटीने परत जाणार आणि ती तिथेच राहणार.

तिची गोष्ट पुढच्या पुस्तकात घेऊ नका.